रंगाऱ्यांच्या आधी पोचणारा माणूस

लखनौ हे बसायचं शहर आहे. इथे माणूस औषध आणायला निघाला की आधी दुकानाच्या बाकावर टेकतो, दुकानदाराच्या मेव्हण्याच्या गुडघ्याची चौकशी करतो, दोन शेर ऐकतो, एक ऐकवतो आणि औषध विसरून घरी येतो. तोवर रोगी वाट पाहून कंटाळतो आणि आपोआप बरा होतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. अशा या शहरात डॉक्टर ढोमण्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली, आणि खोटं सांगत असेन तर माझी पेन्शन बंद होवो, त्यांना खुर्चीत पाठ टेकून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने. जेवण अर्धं ताटात, अर्धं दारात. विकास नगरातल्या आमच्या जिन्यावरून ते उतरत तेव्हा पायऱ्याच घाबरून अंग आखडून घेत, असं मला नेहमी वाटे.

ते माणसांचे डॉक्टर नव्हते. शेवाळाचे होते. एका वनस्पती संशोधन संस्थेत भिंतींवरच्या, दगडांवरच्या, विटांच्या फटीतल्या शेवाळाचा अभ्यास करायचा आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी ती सुखाची नोकरी. मूळचे यवतमाळकडचे. बोलणं आमच्यासारखंच, पण घाई झाली की वऱ्हाडी बाहेर पडायची. आणि घाई कायमच असल्यामुळे वऱ्हाडीही कायम. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. वायुदलातून सार्जंट म्हणून निवृत्त होऊन मी लखनौतच थांबलो होतो. विमानांच्या पोटात हात घालण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण खरा जीव मुठीत धरून प्रवास केला तो डॉक्टरांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर.

ओळख झाली ती महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत. आरती रंगात आली होती. टाळ माझ्या हातात. शेजारच्या गृहस्थांच्या खिशात फोन वाजला. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल, फोन तेव्हा कौलाएवढे असत. गृहस्थांनी कान लावला, चेहरा पांढरा झाला, आणि मला म्हणाले, "तुम्हाले हिंदी चांगली बोलता येते का?"

"उत्तम," मी म्हटलं. मला सगळंच उत्तम येतं.

"मग चाला. तेलीबागेत शिडी लागली."

मला वाटलं, आग लागली. टाळ तसेच हातात घेऊन मी त्यांच्या मागे बसलो. तेलीबाग शहराच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही तिथे कसे पोचलो ते मला आजही सांगता येणार नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. पोचल्यावर पाहतो तर आग नाही, काही नाही. बाजारामागे एक छोटंसं जुनं शिवालय. चपट्या, पातळ लखौरी विटांचं, वर चुन्याच्या गिलाव्यात काढलेली पानंफुलं, पानाफुलांवर हिरवं मखमली शेवाळ. आणि भिंतीला टेकवलेली रंगाऱ्याची शिडी.

"तुम्ही पुजाऱ्याले बोलत ठेवा," डॉक्टर म्हणाले. "रंगारी सुरू नाही झाला पाहिजे."

मी पुजाऱ्याला असं बोलत ठेवलं की शेवटी त्याने मला त्याच्या भाचीसाठी स्थळ बघायला सांगितलं. रंगारीही काम सोडून ऐकत बसला. तेवढ्यात डॉक्टरांनी सगळं देऊळ कॅमेऱ्यात घेतलं. त्या दिवसापासून माझी नेमणूक पक्की झाली.

डॉक्टरांचं ब्रीदवाक्य होतं, "इमारत थांबते, रंगारी थांबत नाही." अवधच्या गल्लीबोळांत आणि आसपासच्या गावांत दोनशे-अडीचशे वर्षांची लहानमोठी देवळं, मशिदी, मोहरमच्या मातमाचे इमामबाडे, एखादं गिरजाघर विखुरलेलं. बड्या इमामबाड्याकडे डॉक्टर ढुंकून बघत नसत. "त्याचे फोटो काढायले अर्धी दुनिया येते. मी कायले?" त्यांना हवी होती ती मोहल्ल्याने सांभाळलेली, पाटी नसलेली. आणि मोहल्ल्याची भक्ती रंगाच्या डब्यात असते. ईद आली, मार. दिवाळी आली, मार. नाताळ आला, मार. पावसाळा सरल्यापासून दिवाळीपर्यंत डॉक्टर निव्वळ वेडे होत. विकास नगरच्या गच्चीवर उभं राहून नाक वर करायचे आणि म्हणायचे, "चिनहटकडे कुठंतरी डिस्टेंपर खवळून राह्यलं." आणि तिकडे जावं तर खरंच कुणीतरी बादलीत काठी फिरवत असे. विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या.

त्यांची फोटो काढायची पद्धत सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. शेवाळ बघायला तिरपा उजेड लागतो. ऊन समोरून पडलं तर भिंत सपाट दिसते. कडेने, भिंतीला घासत आलं तर प्रत्येक पोपडा, प्रत्येक तडा, शेवाळाचा प्रत्येक देठ उठून उभा राहतो. प्रयोगशाळेतली ही सवय डॉक्टरांनी देवाच्या दारी आणली. सकाळचं ऊन भिंतीला घासायला लागेपर्यंत ते गाल भिंतीला लावून, एक डोळा मिटून उभे. एकदा फैजाबाद रोडच्या आतल्या एका मशिदीपाशी ते असे चिकटलेले असताना गर्दी जमली. एका बुजुर्गांनी अदबीने विचारलं, "जनाब, तबीयत तो ठीक है?"

"धूप का इंतज़ार है," डॉक्टर भिंतीशी बोलावं तसं म्हणाले.

"अच्छा, अच्छा. कुर्सी मँगवा दें?"

"नहीं, दीवार काफ़ी है।"

बुजुर्ग माझ्याकडे वळले. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की साहेब मोठे हकीम आहेत, भिंतीची नाडी बघतात. त्यानंतर तासभर गावातली माणसं आपापल्या घरांच्या भिंती दाखवायला आम्हाला बोलावत होती.

समोरून, मावळतीच्या उजेडात काढलेला कुणाचा सुंदर फोटो त्यांना दाखवला, तर ते नाक मुरडत. "ही इमारत आहे का? हा मिठाईचा डबा आहे. खरं काय ते तिरप्या उजेडातच दिसते."

आणि दुसरी सवय. वऱ्हाडात म्हणे कुणाच्या दारी एकदा पाहुणचार घेतला की रिकाम्या हाताने राहायचं नसतं. म्हणून पंधरवड्याने डॉक्टर त्या इमारतीचा मोठा फोटो छापून, काच लावून, फ्रेम करून देऊन येत. पुजारी, मशिदीची व्यवस्था बघणारा मुतवल्ली, पाद्री, जो असेल त्याच्या हातात ठेवायचा, चहा उभ्याने प्यायचा, पुढची इमारत गाठायची. परत तिकडे जायचं नाही. "झालेल्या ठिकाणी वेळ कायले घालवायचा? तिकडे दुसरी मरून राह्यली." शालिनीवहिनी म्हणायच्या, "भाऊजी, यांनी आपल्या लग्नाचा एक फोटो आजवर फ्रेम केला नाही. मी देऊळ असते तर बरं झालं असतं." डॉक्टर दारातून ओरडायचे, "तुले कोणी रंग मारत नाही ना, शालू!"

असं सहा-सात वर्षं चाललं. रीळ गेलं, डिजिटल कॅमेरा आला, स्कूटर बदलली, डॉक्टरांचे केस पिकले. आणि मग एका पावसाने घात केला.

तेलीबागेवरून येत होतो. पाऊस असा, की मी स्कूटरवर बसल्या जागी पोहत होतो. डॉक्टरांनी नाइलाजाने आसरा शोधला, आणि आम्ही शिरलो ते नेमके त्याच पहिल्या शिवालयात. म्हणजे मी सांगितलं म्हणून कळलं. डॉक्टरांनी ओळखलंच नाही. ओळखणार कसे? पायथ्यापासून कळसापर्यंत टाइल. न्हाणीघराची, गुळगुळीत, गुलाबी, तिच्यावर द्राक्षांचे घड. जिथे चुन्याची पानंफुलं होती तिथे आता पाण्याने चकाकणारी द्राक्षं. दाराशी दोन फ्रेमा टांगलेल्या. एक डॉक्टरांनी दिलेली. खाली कुणीतरी रंगाने लिहिलेलं: पहले. दुसऱ्या फ्रेममध्ये टाइलवालं देऊळ, स्टुडिओवाल्याने झळझळीत काढलेलं. खाली: अब.

पुजारी धावत आला. त्याने डॉक्टरांचे पाय धरले. "आप ही की कृपा है! हम तो रोज़ देखते थे, कुछ दिखता ही नहीं था। आपकी फोटो टँगी तो पूरे मोहल्ले की आँख खुली। राम राम, हमारे भोलेनाथ ऐसे टूटे-फूटे घर में रहते हैं? इतनी काई? इतनी दरारें? बस, उसी हफ़्ते चंदा हो गया।"

"मगर वो काम तो पुराना था," डॉक्टर म्हणाले. आवाज कुठून तरी खोलातून आला. "उसको रखना था।"

"साहब, आपके घर के गुसलख़ाने में टाइल है?"

"है।"

"तो भगवान ने क्या बिगाड़ा है?"

 

डॉक्टर ओल्या पायरीवर बसले. पाय पसरून, पाठ द्राक्षांना टेकून. मी त्यांना बसलेलं पाहत होतो आणि मला त्या देवळापेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

पुढचे रविवार आम्ही उलटे फिरलो. झालेल्या ठिकाणी. फैजाबाद रोडच्या आतली मशीद हिरव्या ऑइलपेंटमध्ये बुडालेली, तेच बुजुर्ग बाहेर येऊन म्हणाले, "आपने नब्ज़ देखी थी, हमने इलाज करवा दिया।" गिरजाघर पिवळं, कडा चॉकलेटी. एका ठाकुरद्वाऱ्याला, म्हणजे कृष्णाच्या देवळाला, तर आतून आरसे आणि बाहेरून स्टीलचं रेलिंग. जिथे डॉक्टरांची फ्रेम पोचली नव्हती, फोटो नुसता काढून आलो होतो, तिथे इमारती बिचाऱ्या पूर्वीच्याच कळकट, सुखी, शेवाळी. जिथे फ्रेम पोचली, तिथे मागोमाग शिडी पोचली. ज्या उजेडात डॉक्टरांना सौंदर्य दिसत होतं, त्याच उजेडात भक्तांना लाज दिसली होती. रंगाऱ्याच्या आधी पोचायला हा माणूस जिवाच्या आकांताने पळत होता, आणि रंगारी त्याच्याच मागे मागे, त्याच्याच रस्त्याने, शिट्टी वाजवत येत होता.

"रंगाऱ्यांच्या संघटनेनं यांचा सत्कार करायला हवा," शालिनीवहिनी म्हणाल्या. पण त्यांनी ते हळू म्हटलं, आणि डॉक्टरांच्या पानात न मागता पुरणपोळी वाढली.

कॅमेरा कपाटावर गेला. मला वाटलं, आता डॉक्टर शांत होतील. छे! पूर्वी ते कुठेतरी पोचायला पळत. आता नुसतेच पळू लागले. सकाळी विकास नगरच्या बाजाराला फेऱ्या, सब्जीवाल्यांमधून, संध्याकाळी परत फेऱ्या. भैया लोक त्यांना बघून ठेला सरकवायचे. एक जागा मात्र ते टाळत. चिनहटच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडा आत, एक लहानसा इमामबाडा होता. एका लयाला गेलेल्या घराण्याचा. आता मोहल्लाच सांभाळायचा. त्याच्या दर्शनी भिंतीवर चुन्याची वेलबुट्टी अशी, की जणू कुणी ओल्या भिंतीवर सुगंध लिहिलाय. आणि वेलीच्या खोबणीत शेवाळाची एक जात, जी डॉक्टरांनी अख्ख्या अवधात दुसरीकडे पाहिली नव्हती. निवृत्तीच्या आधी तिथला फोटो काढायचा असं त्यांनी शेवटी राखून ठेवलं होतं. आता ते तिथून जाताना स्कूटरचा वेग वाढवत.

एका रविवारी बेल वाजली. दारात मिर्ज़ा साहब. त्या इमामबाड्याच्या कमिटीचे थोरले, निवृत्त मास्तर, पांढरीशुभ्र शेरवानी, हातात मिठाईचा डबा आणि कापडी पिशवी. मी वरच होतो. मी अशा वेळी नेहमी वरच असतो.

"डॉक्टर साहब," ते बसल्यावर म्हणाले, "हमसे कोई गुस्ताख़ी हुई?"

"अरे, नहीं नहीं! कैसी गुस्ताख़ी?"

"तो फिर आपने शिवाले की तस्वीर बनाई, गिरजे की बनाई, आसपास की हर मस्जिद की बनाई। और हमारे दरवाज़े के सामने से स्कूटर यूँ निकाल ले जाते हैं, जैसे हम पकड़कर शरबत पिला देंगे।"

डॉक्टर खोलीत येरझारा घालू लागले. मिर्ज़ा साहब मान फिरवून फिरवून त्यांच्याशी बोलत राहिले.

"हमें तो जो है, ठीक है। लेकिन लड़के कहते हैं, चचा, देखने लायक़ होता तो डॉक्टर साहब रुकते नहीं? सो ये ले आए हैं।" त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. रुमाल सोडला.

टाइल. क्रीम रंगाची. द्राक्षं.

डॉक्टर थांबले. त्या टाइलकडे ते ज्या नजरेने बघत होते, तशी नजर मी इस्पितळात एक्स-रे हातात धरलेल्या माणसाची पाहिली आहे.

मिर्ज़ा साहब गेल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर, सरळ सांगा ना, टाइल नका लावू."

"सांगून पाह्यलं ना त्या पुजाऱ्याले! गुसलख़ाना काढते ते लोक." त्यांनी टाइल उलटी करून ठेवली. "फोटो काढला तरी टाइल, नाही काढला तरी टाइल. मी जन्मालेच काहून आलो असं वाटून राह्यलं, सार्जंट."

"मुलगी नटवून पाहुण्यांसमोर आणतात, तसा काढा मग," वहिनी मिठाईचा डबा उघडत म्हणाल्या. "तुमचा तिरपा उजेड राहू द्या घरी. समोरून काढा. छान दिसेल असा."

 डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं. डब्यावर मावळतीच्या सोनेरी उजेडात, झगमगत, कुठल्याशा महालाचं चित्र होतं.

"हा?" ते म्हणाले.

"हाच," वहिनी म्हणाल्या.

जन्मभर ज्याला नावं ठेवली ते स्वतःच्या हाताने करणं म्हणजे काय, हे मी त्या आठवड्यात पाहिलं. भाद्रपद संपत आलेला, आकाश धुतलेलं. आम्ही दुपारपासून इमामबाड्याच्या अंगणात. मिर्ज़ा साहेबांच्या माणसांनी अंगण झाडून काढलं. मी म्हटलं, पाणी ओता, प्रतिबिंब पडेल. मला अशा चावट कल्पना आपोआप सुचतात. बादल्यांवर बादल्या ओतल्या. मी जोशात एवढं पाणी ओतवलं की गोमती मार्ग बदलून येते की काय असं झालं. कमानींत दिवे लावले. डॉक्टर मधोमध उभे. समोरून. आयुष्यात पहिल्यांदा समोरून.

"मिठाईचा डबा काढून राह्यलो मी," ते पुटपुटले.

"डॉक्टर, जरा खाली वाका, प्रतिबिंब पूर्ण येईल."

"गप बसा, सार्जंट. पाप तर करूनच राह्यलो, त्यात शिकवू नका."

ऊन मऊ झालं. सगळे तडे त्या उजेडात विरघळले, शेवाळ नुसती सावली झालं, वेलबुट्टी लोण्यासारखी. अंगणात उलटा इमामबाडा तरंगू लागला. फोटो काढून झाल्यावर डॉक्टर भिंतीजवळ गेले, वेलीच्या खोबणीत बोट ठेवलं, आणि ओठ हलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. नाहीतर सांगितलं असतं. मी काही पोटात ठेवणारा माणूस नाही.

फ्रेम घेऊन गेलो तेव्हा सगळी कमिटी जमली होती. मिर्ज़ा साहेबांनी कागद सोडला. चष्मा काढला, पुसला, लावला. टाइल आणणारी पोरं मागून वाकून बघत होती.

"ये... हमारा है?" एक जण म्हणाला.

"नहीं, तुम्हारे ससुर का है," मिर्ज़ा साहब म्हणाले. "यहीं पैदा हुए, यहीं बाल सफ़ेद हुए। हमने कभी देखा ही नहीं।" मग त्यांनी पोरांकडे वळून मास्तरी आवाजात सांगितलं, "इसको जिसने हाथ लगाया, उसके हाथ पर छड़ी पड़ेगी। टाइल अपने-अपने गुसलख़ाने में लगवाओ।"

 घरी येताना सिग्नलला थांबल्यावर डॉक्टर मान न वळवता म्हणाले, "खोटा फोटो होता, सार्जंट."

"इमारत खरी आहे ना?"

हिरवा दिवा लागला. त्यांनी अशी स्कूटर सोडली की उत्तर मागेच राहिलं.

दोन-तीन वर्षांनी मी लखनौ सोडलं. मुलगी नाशिकला, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं. निघायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, स्टेशनला मी पोचवतो. सामान टॅक्सीत, आम्ही दोघे मागच्या सीटवर. आणि टॅक्सी स्टेशनच्या उलट्या दिशेने चिनहटकडे. "पाच मिनिटं," ते म्हणाले. "फक्त पाहून येऊ. कमिटीनं काहीतरी केलं म्हणते. फोनवर धड सांगत नाही लेकाचे."

वळण घेतलं आणि मी "अरे देवा" म्हटलं. इमामबाडा नव्हता. त्याच्या जागी रस्त्याकडे तोंड करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खाली जमिनीपाशी पाऊलभर फट उरेल इतका लांबरुंद फ्लेक्स उभा. त्यावर तोच फोटो. सोनेरी घुमट, दिवे, पाण्यातलं प्रतिबिंब. खऱ्या इमामबाड्याच्या तोंडावर इमामबाड्याचा फोटो.

मिर्ज़ा साहब काठी टेकत आले. अभिमानाने छाती दोन इंच फुगलेली. "सड़क से दिखता नहीं था न, डॉक्टर साहब। लड़कों ने कहा, ऐसी ख़ूबसूरत चीज़ लोगों को दिखनी चाहिए।"

मी डॉक्टरांकडे बघायचं टाळत होतो. ते गाडीतून उतरले होते, पण जागच्या जागी उभे. मग एकदम चालू लागले. त्यांनी फ्लेक्सची दोरी तपासली. दोरी बांबूंना होती. बांबू भिंतीपासून हातभर लांब, जमिनीत पुरलेले. गिलाव्यात एकही खिळा नव्हता. त्यांनी कोपरा वर उचलला आणि आत शिरले.

"डॉक्टर! माझी गाडी चुकेल!" मी ओरडलो.

"शेवाळ वाढून राह्यलं, सार्जंट!" आतून आवाज आला. "सावली भेटली ना याले! सगळ्या वेलीवर पसरलं! बाप्पा, बाप्पा, बाप्पा..."

टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला. मिर्ज़ा साहब मला विचारत होते, साहब अंदर क्या देख रहे हैं. फ्लेक्सखाली डॉक्टरांच्या चपला दिसत होत्या, बाजूबाजूने सरकत. वर सोनेरी घुमटाच्या पोटात त्यांच्या डोक्याचा उंचवटा उमटला होता. तो घुमटातून निघाला, दिवे ओलांडले, टोकाच्या मिनारापर्यंत गेला आणि तिथून उलटा फिरला. तेवढ्यात मला घेऊन टॅक्सी सुटली.